उपकाराचं कर्ज कुठल्या खात्यात मांडायचं?



आपल्यापैकी बहुतेकांचा फिलिपिनो माणसांशी रोजचा संबंध आहे. दुबईत आणि दोह्यात शेजारच्या टेबलावर, सिंगापुरात घरात, अमेरिकेत आणि इंग्लंडात हॉस्पिटलच्या वॉर्डात. त्यांच्याबद्दलची आपली वाक्यंही ठरलेली आहेत. "फार हसरे, फार कामसू, पण तोंडावर 'नाही' म्हणणार नाहीत." "एकाला नोकरीला लावा, वर्षभरात त्याचे सहा चुलतभाऊ तुमच्याकडे असतील." मीही दुबईत असताना हेच बोलायचो. नंतर कंपनीने मनिलाला पाठवलं, त्याला आता अकरा वर्षं झाली. अजून तीच वाक्यं बोलतो, पण बोलताना अडखळतो. का, ते सांगण्यासाठी हे लांबलेलं पत्र. चहा घेऊन बसा.

गोष्ट तीन वर्षांपूर्वीची, आमच्या मकातीतल्या ऑफिसची. खरेदी विभागात एक बाई होत्या, नऊ वर्षं जुन्या, एक दिवस उशिरा आल्या नाहीत. रात्रपाळीच्या लोकांना घरी सोडणाऱ्या व्हॅनचं कंत्राट त्यांनी ज्याला दिलं तो त्यांच्या मुलीचा निनोंग, म्हणजे बाप्तिस्म्यातला धर्मपिता निघाला. निनावी पत्र आलं. चौकशीला तिघांची समिती नेमली आणि हिशेबातला माणूस म्हणून त्यात मला घातलं. सगळं उकरून पाहिलं. बाईंनी एक पेसो घेतला नव्हता. व्हॅन वेळेवर येत होत्या. दर सर्वांत कमी नव्हता, दुसऱ्या नंबरचा होता, पण पहिल्या नंबरवाल्याच्या गाड्या जुन्या होत्या आणि तसा शेरा फायलीत होता. मग गुन्हा काय? तर दर जानेवारीत सगळ्यांकडून भरून घेतला जाणारा हितसंबंधांचा फॉर्म. त्यावर बाईंनी नऊही वर्षं 'काही नाही' असं लिहून सही केली होती. हेड ऑफिसच्या नियमाप्रमाणे याची शिक्षा एकच, बडतर्फी.

मी विचारलं, "का नाही लिहिलंत?" त्या म्हणाल्या, "सर, फॉर्म नातेवाईक विचारतो, ते नाते नाही. पैशाचा संबंध विचारतो, तो नाही." मग बराच वेळ गप्प राहून म्हणाल्या, "माझे वडील अंथरुणाला खिळले तेव्हा माझी कॉलेजची दोन वर्षांची फी या माणसाने भरली. त्याचं नाव या फॉर्मवर लिहायचं म्हणजे त्याने मला विकत घेतलंय असं मी कंपनीला लेखी कळवायचं. त्याला हे समजलं तर मी त्याला तोंड कसं दाखवू?"

इथे मला एक टागालोग शब्द नीट समजला, जो मी आठ वर्षं ऐकत होतो. उतांग ना लोओब. उतांग म्हणजे कर्ज, लोओब म्हणजे आत, अंतरंग. आतलं कर्ज. इंग्रजीत याचं भाषांतर 'कृतज्ञतेचं ऋण' असं करतात आणि ते फार गुळगुळीत वाटतं. मराठीला मात्र भाषांतराची गरजच नाही, आपल्याकडे 'मिंधा' आहे. (हल्ली राजकारण्यांनी हा शब्द फार स्वस्त केलाय, पण आजीच्या तोंडून ऐकलेला आठवून पाहा.) फरक एवढाच की आपण मिंधेपणाला लाजतो, 'कुणाचं मिंधं राहू नये' असं मुलांना सांगतो. इथे ज्याला हे कर्ज वाटत नाही त्याला लाज. 'वालांग उतांग ना लोओब', ज्याला आतलं कर्जच नाही तो, ही इथली जिव्हारी लागणारी शिवी आहे. चार्ल्स काउट या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने १९६१ साली यावर निबंध लिहिला, त्यात हा एक प्रकारचा करारच आहे असं मांडलं. करार म्हणायला हरकत नाही, पण त्यात रक्कम लिहिलेली नसते आणि मुदतही नसते.

आणि गंमत पाहा. या देशातला सापडलेला सर्वांत जुना तारखेचा लेख कसला आहे? कर्जफेडीची पावती! लागुना प्रांतात नदीतून वाळू काढताना एक ताम्रपट मिळाला, अंतोन पोस्तमा या डच संशोधकाने तो वाचला. सुरुवात 'स्वस्ति'ने, मग शके ८२२, वैशाख, कृष्ण चतुर्थी, सोमवार. म्हणजे इसवी सन ९००. नामवरान नावाच्या माणसाचं सोन्याचं कर्ज माफ झालं आणि त्याचे वंशज त्यातून मोकळे झाले, असा त्याचा आशय. मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात तो ठेवलाय. या बाजूला आलात तर मॉल सोडून आधी तो पाहा. आपल्या पंचांगातली तिथी तिथे पाहून मला उगाचच भरून आलं होतं. सोन्याच्या कर्जाचा असा ताम्रपट देता येतो. आतल्या कर्जाचा कोण देणार?

समितीवर परत येतो. आमच्यातली सर्वांत लहान सदस्य एचआरमधली पोरगी होती, कॉलेजातून नुकती आलेली. इथे २०१३च्या आदेशाने पदवीच्या सगळ्या शाखांना नीतिशास्त्र हा विषय सक्तीचा केला, २०१८पासून तो शिकवायला लागले. त्यामुळे इथली तरुण मंडळी कांट, मिल, ॲरिस्टॉटल सगळं वाचून येतात, आपल्यासारखं रिटायर झाल्यावर नाही. तिने फळ्यावर चक्क रकाने आखले. कांट म्हणेल, प्रत्येकाने उपकारकर्त्याचं नाव लपवलं तर फॉर्मला अर्थच उरणार नाही, सबब चूक. मिल म्हणेल, नुकसान कुणाचं झालं? व्हॅन चालतात, लोक सुखरूप घरी पोचतात. मग बाईंना काढून एका कुटुंबाचं वाटोळं करण्यात कुणाचं सुख वाढतं? ॲरिस्टॉटल म्हणेल, कृतज्ञता हा गुण, पण त्याचीही मात्रा असते.

तिचे रकाने चुकीचे नव्हते. पण मला वाटलं, तिघांनीही बाईंचं ते शेवटचं वाक्य ऐकलंच नाही. कांटला माणूस हा साध्य हवा, साधन नको. बाई नेमकं तेच म्हणत होत्या, की ज्या माणसाने मला साधन मानलं नाही त्याला तुमचा फॉर्म व्यापारी ठरवतो. आणि मिलच्या हिशेबात तो स्वस्त दराचा कंत्राटदार कुठेच नव्हता. त्याला कधी कळणारही नव्हतं की फायलीतला शेरा खरा असला तरी तो लिहिणारा हात मोकळा नव्हता.

आता इथल्याच विचारवंतांकडे वळू. व्हिर्हिलिओ एन्रीकेझ हे फिलिपीन्स विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ. १९७०च्या दशकात त्यांनी असा मुद्दा मांडला की उतांग ना लोओब, हिया (लाज, भीड) आणि पाकिकिसामा (सगळ्यांशी जुळवून घेणं) यांनाच फिलिपिनो मूल्यं म्हणणं म्हणजे परक्याच्या नजरेने वरवर पाहणं आहे. परक्या साहेबाला त्याच्या कामाचं जेवढं, तेवढंच त्याला दिसलं. गाभ्याची कल्पना वेगळी, काप्वा. याचा अर्थ 'दुसरा' नव्हे. मी आणि समोरचा मिळून जे एक होतं ते. 'आपला माणूस' आणि 'परका माणूस' असे दोन्ही त्यात येतात. परकाही काप्वाच. अलीकडे जेरेमाया रेयेस यांनी २०१५ साली लोओब आणि काप्वा यांवर लेख लिहून ही एक स्वतंत्र सद्गुणनीती आहे आणि तिच्यात मूळची इथली समज आणि स्पॅनिश कॅथलिक शिकवण दोन्ही मिसळल्यात, असं मांडलं. मला हे पटतं. आपल्याकडे संतांनी जनी जनार्दन पाहिला, तरी पंगतीत वाढपी ओळखीचा असला की बुंदीचा लाडू आपल्याकडे दोनदा येतोच की. दोष जनार्दनाचा नाही, पंगत कुठवर धरायची याचा आहे.

हे नुसतं पुस्तकी नाही. २८ जुलै २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी संसदेतल्या वार्षिक भाषणात पूरनियंत्रणाच्या कामांत पैसे खाणाऱ्यांना सुनावलं, की आपल्या काप्वा फिलिपिनोंची तरी लाज बाळगा. एका वाक्यात हिया आणि काप्वा दोन्ही! मग कागदावरच बांधलेले बंधारे एकेक करून बाहेर आले आणि २१ सप्टेंबरला लोक रस्त्यावर उतरले. (तारीख मुद्दाम निवडलेली. १९७२ सालचा मार्शल लॉ याच दिवसाच्या नावावर आहे, आणि तो लावणारे म्हणजे याच मार्कोस यांचे वडील. असो.) आमच्या ऑफिसातली बरीच मंडळी गेली होती. त्यांच्यात कुणालाही 'आमची संस्कृतीच अशी' म्हणताना मी ऐकलं नाही. ते वाक्य आम्ही परदेशी लोकच लंच टेबलवर म्हणतो.

इथला कायदाही भोळा नाही. सरकारी नोकरांच्या आचारसंहितेचा १९८९ सालचा कायदा, क्रमांक ६७१३, वाचून पाहा. सगळा इंग्रजीत, पण नातेवाइकांच्या व्याख्येत चौथ्या श्रेणीपर्यंतचं (डिग्री) रक्ताचं आणि लग्नाचं नातं सांगून झाल्यावर तीन देशी शब्द येतात: बिलास, इन्सो, बालाए. म्हणजे साडू, वहिनी, व्याही! इंग्रजीत यांना धड शब्दच नाहीत आणि कायदा करणाऱ्यांना ठाऊक होतं की कंत्राटं नेमकी इथूनच निसटतात. आपल्याकडच्या एखाद्या नियमावलीत 'साडू' शब्द आलेला मी अजून पाहिला नाही, आणि गरज काही कमी नाही. मात्र त्या व्याख्येत निनोंग नाही, कुंपारे नाही. आमच्या बाईंचा निनोंग तिथूनही सुटलाच असता.

आता माझं स्वतःचं. हे लिहावं की नाही असा विचार दोन आठवडे केला.

इथे सगळ्या भारतीयांना 'बुंबाय' म्हणतात. मी सातारचा, मुंबईत जेमतेम दोन वर्षं काढली, तरी बाजारात बुंबायच. कारण गल्लीबोळांतून मोटरसायकलवर फिरणारे भारतीय सावकार, बहुतेक पंजाबी. त्यांच्या धंद्याला 'पाच-सहा' म्हणतात. पाच घ्या, सहा परत द्या, रोज थोडे थोडे. कागद नाही, तारण नाही. दुतेर्ते यांनी जानेवारी २०१७ मध्ये त्यांना पकडायची भाषा केली आणि सरकारने महिना अडीच टक्क्यांपर्यंतच्या व्याजाची स्वतःची योजना काढली. मोटरसायकली अजून फिरताहेत. मला पूर्वी या लोकांची लाज वाटायची, कुणी बुंबाय म्हटलं की मी घाईघाईने "मी अकाउंटंट" सांगायचो.

तर, माझ्या हाताखालच्या एका मुलाच्या आईचं अचानक ऑपरेशन निघालं. मी धावपळ करून त्याला कंपनीकडून ॲडव्हान्स मिळवून दिला, थोडे स्वतःचेही घातले. चांगलंच केलं. पण त्यानंतर वर्षभर त्या मुलाने ओव्हरटाइमचा एकही फॉर्म भरला नाही. महिनाअखेरीच्या शनिवारी मी नुसतं "जरा येशील का?" म्हणायचो, तो हसत यायचा. इथल्या कायद्याने जादा तासाला पंचवीस टक्के आणि सुट्टीच्या दिवशी तीस टक्के जास्त मिळतात, हे त्याच्याइतकंच मलाही ठाऊक होतं, आकडेवारी माझ्याच टेबलावरून जायची. मी गप्प बसलो. उलट दुबईच्या मित्रांना फोनवर सांगायचो, "आमची टीम म्हणजे अगदी घरच्यासारखी." मोटरसायकलवाला निदान पाचावर सहा घेतो आणि वही बंद करतो. माझी वही बंद होण्याची काही सोय नव्हती.

म्हणून मला वाटतं, 'फिलिपिनो संस्कृती आणि धंद्यातली नीती' असा विषय निघाला की पहिला प्रश्न हा विचारावा, की या मिंधेपणाचं व्याज जातं कुणाला? तेराव्या महिन्याचा पगार घ्या. १९७५ सालच्या ८५१ क्रमांकाच्या हुकमाने तो आला, तेव्हा हजार पेसोंपर्यंत पगार असणाऱ्यांनाच होता. १९८६ साली कोराझोन अकिनो यांनी मर्यादा काढली. आता २४ डिसेंबरच्या आत तो द्यावाच लागतो. जे मालकाच्या मर्जीने मिळतं त्याचं आतलं कर्ज चढतं. जे कायद्याने मिळतं त्याबद्दल कुणी साहेबाच्या बायकोच्या वाढदिवसाला राबायला जात नाही. पेसो तेच, पण एकात माणूस वाकतो आणि दुसऱ्यात सरळ उभा राहतो.

आणि उलटं उदाहरण 'एंडो'. सहा महिने झाले की नोकरी पक्की करावी लागते म्हणून पाचव्या महिन्यात करार संपवायचा आणि पुन्हा नवा करायचा. मॉलमधली विक्रेती मुलगी दर पाच महिन्यांनी सुपरवायझरच्या कृपेवर. ती त्याला 'नाही' म्हणेल? हे बंद करण्याचं आश्वासन देऊन निवडून आलेल्या दुतेर्ते यांनीच जुलै २०१९ मध्ये त्यासंबंधीचं विधेयक परत पाठवलं. म्हणजे ती 'नाही' म्हणत नाही यात हियाचा भाग किती आणि कराराच्या तारखेचा किती, हे तिला हसताना पाहून आपल्याला कळणार नाही. सरकारी कचेरीतही तेच. साधा दाखला महिनोन्महिने मिळत नसेल तर माणूस ओळखीचा पाद्रिनो शोधणारच. २०१८च्या कायद्याने साध्या कामाला तीन, किचकटला सात आणि तांत्रिक कामाला वीस दिवसांची मुदत घातली. ती जिथे पाळली जाते तिथे पाद्रिनोचा भाव आपोआप उतरलेला मी पाहिलाय. तत्त्वज्ञानाचा तास न घेता.

याचा अर्थ उपकाराची भाषाच टाकून द्यावी असा नाही. एप्रिल २०२१ मध्ये कोविडच्या टाळेबंदीत केसोन सिटीच्या मागिनहावा रस्त्यावर एका तरुणीने बांबूच्या गाड्यावर तांदूळ-भाजी ठेवली आणि पाटी लावली, जमेल तेवढं द्या, लागेल तेवढं घ्या. काही दिवसांत देशभर असे गाडे उभे राहिले. घेणाऱ्याचं नाव नाही, देणाऱ्याचं नाव नाही. कुणी कुणाचं मिंधं नाही. मी स्वतः आमच्या गल्लीतल्या गाड्यावर दोन पिशव्या ठेवल्या आणि नकळत मागे वळून पाहिलं, कुणी बघितलं का म्हणून. सवय!

तर समितीचा निकाल. मी बडतर्फीच्या विरोधात मत दिलं, त्या एचआरच्या पोरीनेही. दोन विरुद्ध एक. बाईंना तीस दिवस बिनपगारी निलंबन आणि दुसऱ्या विभागात बदली. कंत्राटाचे दर पुन्हा मागवले. निनोंगला कुणीतरी कळवलं असावं, त्याने दर भरलाच नाही. मला वाटलं, बरं झालं, सुंठीवाचून खोकला गेला. पण चार महिन्यांनी बाईंनी राजीनामा दिला. कुणी काही बोललं नव्हतं, सगळे नीट वागत होते, फार नीट. आपल्यात म्हणतात ना, भीड ही भिकेची बहीण. इथली हिया त्याहून सख्खी. शेवटच्या दिवशी त्या माझ्यासाठी बिबिंगका घेऊन आल्या, तांदळाचा केक, मला आवडतो म्हणून. नियमाप्रमाणे तो घ्यावा की नाही असा विचार माझ्या मनात आला, याची मला अजून शरम वाटते. घेतला आणि सगळ्यांत वाटला.

फॉर्म मात्र आम्ही बदलला. हेड ऑफिसचे नातेवाईक आणि पैशाचे रकाने आहेत तसेच आहेत, पण शेवटी टागालोगमध्ये एक प्रश्न वाढवलाय: कानिनो का नाहिहियांग तुमांगी? म्हणजे, नकार द्यायची तुला भीड वाटेल असं कोण आहे? नाव लिहिणं हा गुन्हा नाही आणि आरोपही नाही असं त्याखाली छापलंय. लिहिलेल्या माणसाचं काम आलं की ती फाईल दुसऱ्याकडे जाते, एवढंच. हेड ऑफिसने याला दोन वेळा हरकत घेतली, हा कसला कायदेशीर प्रश्न म्हणून. तिसऱ्यांदा कंटाळून मान्यता दिली.

पहिल्या जानेवारीला वाटलं होतं, सगळे कोरं सोडतील. बऱ्याच जणांनी सोडलंही. पण काहींनी लिहिलं. कुणाचा निनोंग, कुणाच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, एकाने चर्चमधल्या फादरचं नाव घातलं होतं. पडताळणी माझ्याकडेच होती, त्यामुळे एका संध्याकाळी सगळा गठ्ठा घेऊन बसलो. त्यातल्या तीन फॉर्मवर माझं नाव होतं. एक त्या शनिवारवाल्या मुलाचा.

दुसऱ्या दिवशी त्याला बोलावून वर्षभराचे ओव्हरटाइमचे फॉर्म भरायला सांगितले. "सर, राहू द्या हो," म्हणाला. मी म्हटलं, "भर." तारखा आम्ही दोघांनी मिळून कॅलेंडरवरून काढल्या, सव्वा तास लागला.

कळावे,
मकातीतला एक बुंबाय